बर्फासाठी आभार

१ सप्टेंबर

नोटीस बोर्डावर कागद लागला. २४ तारखेला हसऱ्याचं व्याख्यान. विषय: पेशीतल्या नळ्यांची बांधणी आणि फॉस्फेटचं नियंत्रण. त्यानंतर चहापान.

तीस तारखेला मी रिटायर. म्हणजे वर कुणीतरी कॅलेंडर मांडीवर घेऊन तारखा जुळवल्या आहेत. आजपासून नवी वही. हिच्यात फक्त सूड लिहायचा. भाजीची यादी जुन्या वहीत.

हसऱ्या अकरा वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या बेंचवर काम करायचा. सदा हसत असायचा, म्हणून हसऱ्या. सेंट्रिफ्यूजचं भांडं फुटलं तेव्हाही हसत होता. ज्या पेपरवर तो मोठा झाला, त्यातल्या सगळ्या नळ्या मी बनवलेल्या. शीतगृहात उभा राहून, बोटं निळी करून घेऊन. पेपर छापून आला. लेखक चार. मी नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात: बर्फ पुरवल्याबद्दल आभार, आणि पुढे माझं नाव.

बर्फ. अकरा वर्षं झाली, मी सरबतातसुद्धा बर्फ घेत नाही.

संकल्प: (१) त्याचा प्रयोग जसाच्या तसा करून खोटा पाडायचा. (२) भर सभेत. (३) संतापायचं नाही, रक्तदाब आहे.

२ सप्टेंबर, सकाळी

रक्तदाब १६०. संकल्प तीन उद्यापासून.

डोकं शांत ठेवून शास्त्र लिहून काढतो. पेशीच्या आत बारीक नळ्या असतात, मायक्रोट्यूब्यूल. ट्युब्युलिन नावाच्या विटा एकीवर एक बसत जातात आणि नळी तयार होते. नको झाली की विटा सुट्या. हा बांधण्या-मोडण्याचा उद्योग पेशीत सारखा चालू असतो. नळ्यांना बाहेरून धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. हसऱ्याचं म्हणणं असं की किनेज नावाचं एन्झाइम त्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतं, फॉस्फेट चिकटला की प्रथिनाची पकड सुटते, पकड सुटली की नळ्या मोडतात. बस, एवढंच. यावर त्याला केबिन, दोन पुरस्कार आणि दाढी राखायची हिंमत मिळाली.

माझं म्हणणं: एवढासा फॉस्फेट चिकटला म्हणून कोणी धरलेलं सोडत नाही. स्वतःवरून सांगतो.

प्रयोग तीन कुप्यांचा. पहिलीत नुसत्या नळ्या, धरणाऱ्या प्रथिनासकट. दुसरीत त्यावर किनेज. तिसरीत टॅक्सॉल. टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध. ते नळ्यांना असं जखडतं की त्या मोडतच नाहीत. म्हणजे तिसऱ्या कुपीत नळ्या टिकल्याच पाहिजेत. तिथेच टिकल्या नाहीत तर आपलं काहीतरी चुकलंय असं समजावं आणि घरी जावं. हे वाक्य मी गेली तीस वर्षं नव्या लोकांना फळ्यावर लिहून देत आलो आहे.

४ सप्टेंबर

किनेज आणि टॅक्सॉल एकाच पार्सलमधून आले. दोन्ही इवल्याशा, फिरकीच्या झाकणाच्या कुप्यांत. कंपनीची लेबलं मुंगीच्या अक्षरात. चष्मा लावून, काढून, दोन्ही प्रकारे वाचून बघितली. मग सोलून काढली आणि माझ्या पद्धतीने झाकणांवर नावं घातली.

यावरून मायक्रोस्कोपवाल्या मॅडमशी खटका. (बावीस वर्षं मायक्रोस्कोप सांभाळतात, आणि तो स्वतःच्या बापाने हुंड्यात दिल्यासारखा सांभाळतात.) म्हणाल्या, सर, नाव कुपीच्या अंगावर घाला, झाकणं बदलतात. मी म्हणालो, मॅडम, बर्फाच्या डब्यात कुपी रोवली की वरून दिसतं काय? झाकण. मग नाव कुठे हवं? त्या म्हणाल्या, अंगावर. अशा माणसांपुढे तर्क चालत नाही.

झाकणं उघडली, कडा पुसल्या, दोन्ही झाकणं टिपकागदावर पालथी ठेवली. तेवढ्यात विभागप्रमुखांचा फोन. निरोपसमारंभात मी किती वेळ बोलणार? म्हटलं वीस मिनिटं. ते म्हणाले, तीन. घासाघीस करून चारवर आणलं. परत येऊन झाकणं पटापट फिरवून लावली, कुप्या फ्रीजरमध्ये. कामाचा उरक पाहून स्वतःचंच कौतुक वाटलं.

७ सप्टेंबर, दुपारी

आज पहिला प्रयोग. हात थरथरतील असं वाटलं होतं. नाही थरथरले. सुडाचा हाताला फायदा होतो.

किनेजची कुपी बर्फात दगडासारखी गोठलेली. मुठीत धरून पाच मिनिटं ऊब दिली तेव्हा कुठे वितळली. टॅक्सॉल मात्र उणे वीसच्या फ्रीजरमधून काढलं तरी मधासारखं ओघळत होतं. हल्ली मालच असा येतो.

किनेजला फॉस्फेट पुरवणारा एटीपी तिन्ही कुप्यांत सारखा घातला, पंक्तिप्रपंच नको. सदतीस अंशांवर ठेवलं. दर दोन मिनिटांनी एक फोटो, घड्याळ समोर.

निकाल लिहिताना पेन नाचतंय. किनेज घातलेल्या कुपीत नळ्या मोडल्या नाहीतच, उलट वाढल्या. दुप्पट तरी असतील. रान माजलंय नळ्यांचं. म्हणजे हसऱ्या नुसता चूक नाही, उलटा आहे. किनेज नळ्या मोडत नाही, बांधतं. अकरा वर्षं जग याच्यापुढे टाळ्या वाजवतंय.

टॅक्सॉलच्या कुपीत मात्र नळ्या आखडत आखडत वीस मिनिटांत संपल्या. माल खराब.

८ सप्टेंबर

टॅक्सॉलच्या कंपनीला कडक पत्र. मसुदा तीन वेळा वाचला, प्रत्येक वेळी आवडला. निकृष्ट, बेजबाबदार आणि ग्राहकमंच हे शब्द वापरले आहेत.

जेवताना बायकोला सांगितलं. ती कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, हे औषध रोज पेशंटना लावते. म्हणाली, नळ्या जखडणारं औषध नळ्या मोडेल कसं? खराब झालं तर काहीच करणार नाही, उलटं कशाला करेल? मी म्हणालो, तुमचं हॉस्पिटल वेगळं, संशोधन वेगळं. ती म्हणाली, बरं, पोळी घ्या. हिच्याशी वाद घालण्यात मजा नाही, ही मध्येच वाढायला लागते.

११ सप्टेंबर

प्रयोग आणखी तीनदा. तिन्ही वेळा तेच. किनेजने रान, टॅक्सॉलने वाळवंट. इतका एकसारखा निकाल मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. खराब औषधसुद्धा किती शिस्तीत खराब आहे.

मॅडम फोटो बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सर, माझ्या फ्रीजरमध्ये जुनं टॅक्सॉल आहे, त्याने एकदा करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. नकार दिला. यांचा नि हसऱ्याचा अकरा वर्षांपूर्वीचा ग्रुप फोटो अजून कॉरिडॉरमध्ये लटकतोय, त्यात या त्याच्या शेजारी उभ्या आहेत आणि हसताहेत. हेर आहेत. आजपासून कुलूप लावून काम करणार.

१२ सप्टेंबर

कुलपाची किल्ली आत राहिली. मॅडमकडची दुसरी किल्ली मागावी लागली. दिली. हसल्या नाहीत, पण मला कळलं.

१४ सप्टेंबर

विभागप्रमुखांना गाठलं. पाहुण्यांच्या आधी मला दहा मिनिटं हवीत, निवृत्तीपूर्वीचं मनोगत म्हणून. त्यांनी मान हलवली, मात्र निरोपाची चार मिनिटं त्यातून वळती करणार. करा म्हणालो. चोवीसनंतर मला बोलायला उरणारच नाही काही, लोक बोलतील.

संध्याकाळी बायकोपुढे तालीम. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटचं वाक्य असं ठेवलंय: पाहुण्यांनी अकरा वर्षांपूर्वी माझे बर्फासाठी आभार मानले होते, आज मी त्यांना तो परत करतो. इथे थांबायचं. सभागृह गप्प. हसऱ्याचा चेहरा पहिल्यांदा सरळ.

बायकोने विचारलं, बर्फ खरोखर नेणार आहात का? मनात नव्हतं. आता आहे.

१७ सप्टेंबर

सभागृहाची पाहणी केली. पहिल्या रांगेतली डावीकडून चौथी खुर्ची डुगडुगते. तिच्यावर पाहुण्यांसाठी राखीव अशी चिठ्ठी लावली. वर एसीचं तोंड. बर्फाचा विषय निघेपर्यंत वातावरण तयार असेल.

नियतकालिकाला पाठवायचं पत्रही लिहून ठेवलं. हसऱ्याचा पेपर मागे घ्यावा अशी नम्र मागणी. नम्र हा शब्द दोनदा आलाय, एक काढला.

रक्तदाब १३०. सूड मानवतोय.

२० सप्टेंबर

कंपनीचं उत्तर आलं. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. जिंकलो. पुढे दोन परिच्छेद आणि एक तक्ता होता, तो वाचला नाही. समोरच्याने नाक घासल्यावर पुढचं काय वाचायचं.

२३ सप्टेंबर

इस्त्री केली. थर्मास धुतला, उद्याच्या बर्फासाठी. आरशापुढे हसायचा सराव केला, हसऱ्यासारखं. गाल दुखले. तो हे रोज कसं करतो?

एक विचार आला. उद्या तो रडला तर? रडला तर पाणी पुढे करीन. मोठ्या मनाने. ग्लास कुठे असतात ते बघून ठेवलं.

२४ सप्टेंबर, सकाळी ७

झोप उत्तम. बायको रजा काढून व्याख्यानाला येणार म्हणाली. का विचारलं, तर म्हणाली, असावं कुणीतरी.

२४ सप्टेंबर, संध्याकाळी

क्रमाने लिहितो. सुटता कामा नये.

हसऱ्या आला. केस पिकलेत. मला बघून थेट गळ्यातच पडला, थर्मास मध्ये आला. डुगडुगत्या खुर्चीवर विभागप्रमुख बसले.

बोललो. नऊ मिनिटं. किनेजची स्लाइड दाखवली, रान. कुजबुज झाली. मग प्रामाणिकपणा म्हणून टॅक्सॉलचीही दाखवली आणि कंपनीला दोन शब्द सुनावले. शेवटच्या वाक्यापाशी येऊन श्वास घेतला. तेवढ्यात हसऱ्याने हात वर केला.

विचारलं, या दोन कुप्यांपैकी बर्फात दगड कोणती होत होती? नुसतं एवढंच. मी ताठ मानेने सांगितलं, किनेजची. मुठीत धरून वितळवावी लागायची, एवढे कष्ट घेतलेत.

सभागृह गप्प झालं. मी ठरवलं होतं तसंच, अगदी तसंच गप्प. मॅडमनी डोळे मिटून घेतले. मागे कुणीतरी खोकलं आणि मग एकदम बरेच जण खोकले.

किनेज ग्लिसरॉलमध्ये येतं. ते त्या फ्रीजरमध्ये गोठत नाही, मधासारखं ओघळतं. टॅक्सॉल ज्या द्रवात येतं तो बर्फावर दगड होतो. हे मला माहीत होतं. तीस वर्षं माहीत आहे. फळ्यावर लिहून दिलंय.

टिपकागदावरची दोन झाकणं आठवली. विभागप्रमुखांचा फोन आठवला. माझं रान टॅक्सॉलने माजवलेलं, आणि ज्याला मी खराब माल म्हणत होतो ते किनेज होतं. फॉस्फेट लावत होतं, पकड सोडवत होतं, नळ्या मोडत होतं. हसऱ्याने सांगितलं होतं तसं. चार वेळा.

तो उठून पडद्याजवळ गेला. ती दुसरी स्लाइड परत लावायला सांगितली. बराच वेळ बघत राहिला. हसत नव्हता. म्हणाला, दर दोन मिनिटांनी एक फोटो, आणि एकही हललेला नाही. माझ्याकडे सहा माणसं आहेत, एकालाही हे असं जमलेलं नाही. मग सभेकडे वळून म्हणाला, या माणसाचे हात बघून घ्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या वेळी मरण आलं असतं तर चाललं असतं.

शेवटचं वाक्य बोललो नाही. थर्मास टेबलाखाली राहिला.

२५ सप्टेंबर

रजा. कंपनीच्या मेलमधले पुढचे दोन परिच्छेद वाचले. कुपी बर्फात गोठते का ते तपासावे, असं लिहिलंय. तक्त्यातही तेच, कोणतं गोठतं आणि कोणतं नाही.

२६ सप्टेंबर

हसऱ्या जाण्याआधी बेंचवर आला. मी कपाट आवरत होतो, मागे वळलो नाही. तो स्टूल ओढून बसला. म्हणाला, या फोटोंचा पुढचा पेपर कर माझ्याबरोबर, पहिलं नाव तुझं. मी म्हणालो, बर्फ कमी पडला वाटतं. अकरा वर्षं साठवलेलं वाक्य, एकदाचं बाहेर पडलं.

तो चकित झाल्यासारखा दिसला. म्हणाला, अरे, तूच तर नाव घालू नको म्हणालास. चारदा विचारलं होतं तुला. शेवटी तूच म्हणालास म्हणून बर्फ लिहिलं, म्हटलं निदान कुठेतरी नाव राहील तुझं.

खोटं. धादांत खोटं. आता याला सोडत नाही. मी तेव्हाही रोजनिशी लिहायचो. वह्या घरी माळ्यावर आहेत. पुरावा काढतो, तारीखवार, आणि त्याच्या तोंडावर फेकतो.

२७ सप्टेंबर, दुपारी ३

माळ्यावर चढलो. बायको शिडी धरून होती. वही सापडली. बरोबर तीच तारीख. उतरवून घेतो:

"आज हसऱ्याला साफ सांगून टाकलं. पुन्हा विचारू नकोस, त्या पेपरवर माझं नाव नको. सहा महिन्यांत तुझी ही फॉस्फेटची भानगड खोटी ठरेल आणि चौघांची तोंडं काळी होतील, पाचवं माझं नको. फारच आभार मानायचे असतील तर बर्फासाठी मान, तेवढं एकच काम मी तुझ्यासाठी खात्रीने केलंय. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. बरं झालं. सूड उगवेन म्हणालो होतो, उगवला."

अक्षर माझंच. शाईसुद्धा माझीच, हिरवी.

कशाचा सूड, ते लिहिलेलं नाही. मागची पानं उलटून बघितली. नाही लिहिलेलं. आठवतही नाही.

बायकोने खालून विचारलं, सापडलं का? म्हटलं, नाही. मग शिडीवरच बसून राहिलो. ती शिडी धरून उभी राहिली. हात दुखले असतील तिचे.

२८ सप्टेंबर

काही नाही.

२९ सप्टेंबर

मॅडमना सांगितलं की नाव कुपीच्या अंगावर घालावं. त्या म्हणाल्या, हो सर. एवढंच म्हणाल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, या बाई फार चांगल्या आहेत.

३० सप्टेंबर

निरोपसमारंभ. बोललो नाही, चार मिनिटं आधीच खर्च झाली होती. सभागृहातल्या टेबलाखालचा थर्मास उचलून आणला, बेंच पुसला. त्यावर उद्यापासून दुसरं कुणी.

हसऱ्याची मेल. नाव कसं छापायचं विचारतोय, लेखकांत पहिलं. बराच वेळ समोर ठेवून बसलो. राग आणायचा प्रयत्न केला. आला नाही. कुठेतरी फॉस्फेट चिकटला असावा.

उत्तर पाठवलं: छाप. खाली आभारही हवेत, मॅडमचे, टॅक्सॉलच्या कंपनीचे आणि शिडी धरल्याबद्दल बायकोचे.

घरी येऊन सरबत केलं, त्यात बर्फ हवासा वाटला. थर्मासमधला बर्फ केव्हाच वितळला होता.